अर्धा चिंचोका

टीव्हीवर प्रश्नांचा कार्यक्रम लागला की आमच्या घरात सगळे एकाएकी विद्वान होतात. प्रश्न पुरता संपायच्या आत मुलगा उत्तर ठोकून देतो, सून दुसरंच देते, आणि खरं उत्तर तिसरं निघालं की दोघंही "मला तेच म्हणायचं होतं" असं म्हणून मोकळे होतात. माझा हात मात्र नकळत शेजारी सतरंजीवर चाचपायला लागतो. सुनेला वाटतं, चष्मा हरवला. चष्मा नाकावरच असतो. मी चिंचोका शोधत असते.

ही खोड मला हौसाबाईंनी लावली.

पन्नासच्या दशकात पिंपरीला औषधाचा नवा कारखाना उभा राहिला आणि आमचे हे तिथे स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागले. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी पुण्याच्या पेठेतली, मॅट्रिक, तीही पहिल्या फटक्यात. नवी ओळख झाली की दुसऱ्या वाक्यात ते मी सांगत असे. कॉलनी म्हणजे उघड्या माळावर मांडलेल्या खोल्यांच्या चार रांगा. झाड औषधालाही नव्हतं. चिंचेची झाडं होती ती थेरगावच्या वाटेवर, नदीच्या अंगाला.

आमच्या शेजारच्या खोलीत हौसाबाई राहायच्या. त्यांचे यजमान सदूभाऊ बॉयलरवर कामाला होते. माणूस देवमाणूस, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. हौसाबाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, चाकणच्या पलीकडच्या, भामा नदीच्या काठच्या गावातल्या. उंच, सावळ्या, हाडापेराने मजबूत, आणि चालताना कुणाशी तरी मनात वाद चालल्यासारख्या तरातरा चालणाऱ्या.

आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या दारात उभ्या राहिल्या.

"वैनी, वान्याकडनं सामान आनलं का?"

मला वाटलं, आता वाटीभर साखर मागणार. मी जरा सावधपणे म्हटलं, "आणलंय थोडंसं."

"सामान र्‍हाऊ द्या तुमाला. पुडीचा कागद टाकू नगा. मला द्या."

पुड्यांच्या कागदांवरून हौसाबाईंनी जगाची माहिती गोळा केली होती. गावच्या शाळेत त्या चौथीपर्यंत शिकल्या. पाचवीला गावात शाळाच नव्हती. घरात पुस्तक म्हणून नव्हतं. पण गूळ, हळद, मिरची, शेंगदाणे, सगळं कागदातूनच यायचं, आणि तो कागद मांडीवर हाताने सपाट करून, ओठ हलवत, त्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायच्या. आता वाण्याला काही वाचकाची काळजी नसते. तो बातमी मधोमध फाडतो. त्यामुळे हौसाबाईंचं ज्ञानही मधोमध फाटलेलं होतं. कुठलासा पक्षी हिवाळ्यात हजारो मैल उडून आपल्याकडे येतो हे त्यांना ठाऊक होतं, पण पक्ष्याचं नाव गोडेतेलात भिजून गेलं होतं. कुठल्याशा राणीने साठ वर्षांच्या वर राज्य केलं हे ठाऊक होतं, पण कुठल्या देशावर, ते दुसऱ्या पुडीबरोबर गेलं.

"दुसरा तुकडा कुनाच्या घरी ग्येला आसंल वं?" त्या खरोखरच्या काळजीने मला विचारायच्या. "त्या बाईला उत्तर ठावं हाय, आन प्रश्न न्हाई ठावं."

मी मोठ्या मनाने आमचं अख्खं वर्तमानपत्र त्यांना देऊ केलं. दोन दिवस नेलं, तिसऱ्या दिवशी परत आणून दिलं. म्हणाल्या, "ह्यात समदंच सांगून टाकत्यात. मज्जा न्हाई."

मजा होती ती रविवारी संध्याकाळी पाच वाजता. कॉलनीच्या क्लबात एक रेडिओ होता. साहेबांच्या बंगल्यांत आणखी असतील, पण ते आम्हाला ऐकू येत नसत. रविवारी पाचला त्यावर प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम लागायचा. निवेदक प्रश्न विचारायचे, मग पाच-सात सेकंद शांतता, मग टण्णकन घंटा, मग स्पर्धकाचं उत्तर आणि शेवटी खरं उत्तर. पुरुषमंडळी पुढे बाकांवर, बायका मागच्या दारापाशी सतरंजीवर. चहाच्या कपबश्यासुद्धा त्या अर्ध्या तासात कुणी वाजवत नसे.

पहिल्या रविवारी मी गेले तेव्हा हौसाबाईंनी कमरेचा बटवा काढला आणि माझ्यासमोर दहा चिंचोके मोजून ठेवले. दहा स्वतःसमोर ठेवले. इतर बायकाही आपापले चिंचोके घेऊन बसल्या होत्या.

"हे कशाला?"

"उत्तर ठावं आसंल तर घंटी व्हायच्या आत येक म्होरं सारायचा. उत्तर मनात पक्कं धरायचं, बोलायचं न्हाई. मंग रेडू काय म्हनतो ते ऐकायचं. चुकलं का आपला आपन मागं घ्यायचा."

मी पेठेतली. मला लगेच पुढचं सुचलं. "आणि चुकलं तरी कुणी मागे घेतला नाही तर? कुणाला कळणार?"

हौसाबाई जरा विचारात पडल्या. हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आलाच नसावा.

"मंग त्येनं फसवलं कुनाला?" त्या म्हणाल्या.

बटव्यात आणखी एक प्रकार होता. चिंचोका भाजून नीट फोडला की त्याची दोन दलं होतात, वरून तपकिरी, आतून पांढरी. खेड्यात बायका फाशांसारखी ती डावात टाकतात. हौसाबाईंनी त्यांचा वेगळाच उपयोग काढला होता. उत्तर अर्धंच ठाऊक असेल, किंवा ठाऊक असून खात्री नसेल, तर अर्धा चिंचोका ठेवायचा, पांढरी बाजू वर करून. पुडीचं ज्ञान असल्यामुळे त्यांना अर्ध्याची गरज फार पडे. अर्धा बरोबर आला म्हणून तो अख्खा होत नसे. मी एकदा म्हटलं, "दोन अर्धे झाले की एक धरा ना."

"दोन अर्ध्या भाकरी मिळून येक हुती, वैनी. दोन अर्धी उत्तरं मिळून काय हुतंय?"

त्या पहिल्या रविवारी मॅट्रिकने झपाट्याने आठ चिंचोके पुढे सारले आणि त्यांतले पाच, इकडेतिकडे बघत, मागे घेतले. हौसाबाईंचे पाच अख्खे आणि एक अर्धा. त्यानंतर महिनाभर मी कुणालाही मॅट्रिकचं सांगितलं नाही.

हौसाबाईंना तो कार्यक्रम ऐकताना बघणं हाच एक कार्यक्रम होता. प्रश्न सुरू झाला की त्या डोळे मिटायच्या आणि मान किंचित तिरपी करायच्या, विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघतात तशी. उत्तर ठाऊक असलं तर चिंचोका शांतपणे पुढे जायचा. पण खरा आनंद व्हायचा तो उत्तर चुकल्यावर. उंटाच्या मदारीत पाणी नसून चरबी असते असं रेडिओने सांगितलं, तेव्हा त्यांनी मांडीवर एवढी जोरात थाप मारली की पुढच्या बाकावरचे चार पुरुष वळून बघायला लागले. "आगं बया! चरबी व्हय!" त्यांनी अख्खा चिंचोका मागे घेतला, पण चेहरा असा की काहीतरी मिळालं. हरल्यावर इतकं खुलणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आम्ही बाकीचे बरोबर ठरायला जात होतो. त्या कळून घ्यायला जात होत्या. सोमवारी नळावर पाणी भरताना उंटाची चरबी चारही रांगांत पोचलेली असायची.

पॅकिंग खात्यात देशपांडे नावाचे सुपरवायझर होते. पुढच्या बाकावर बसून ते प्रत्येक उत्तर मोठ्याने सांगायचे, आणि चुकलं तर रेडिओलाच दोष द्यायचे. त्यांच्या कानावर चिंचोक्यांची गोष्ट गेली. एका रविवारी कार्यक्रम संपल्यावर ते मागे आले आणि हौसाबाईंसमोरचे सहा चिंचोके बघून हसले.

"बाई, असे मीपण सहा ठेवीन. पुरावा काय? पुढच्या वेळेपासून उत्तर कुणाच्या तरी कानात सांगत जा, म्हणजे खरंखोटं होईल."

सुपरवायझरपुढे बायकांनी बोलायची तेव्हा पद्धत नव्हती. हौसाबाई चिंचोके एकेक करून बटव्यात टाकत होत्या. शेवटचा टाकून झाल्यावर म्हणाल्या, "सायेब, हे तुमाला दावाया ठेवलेलं न्हाईत. माजं मला दिसावं म्हनून ठेवलेत." आणि तरातरा निघून गेल्या.

पुढच्या रविवारी देशपांडे उत्तरं सांगायला चुकले नाहीत, पण आवाज जरा खाली आला होता. दोन-तीन आठवड्यांनी मी मागून बघितलं, तर त्यांच्या बाकावर, मांडीच्या आडोशाला, चार चिंचोके होते. एका प्रश्नाला निवेदकाने उत्तर सांगितलं आणि देशपांड्यांनी हळूच एक चिंचोका मागे ओढला. हौसाबाईंनीही ते पाहिलं. घरी येताना वाटेत म्हणाल्या, "सायेब चांगला मानूस हाय. येकटा पडला हुता."

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात येत होती. नदीचा प्रश्न आला की हौसाबाई डोळे मिटत नसत. त्या पुढे सरकून बसायच्या, सतरंजीवर तळहात टेकून, आणि खरं उत्तर सांगून होईपर्यंत हलायच्या नाहीत. नाईल, गंगा, टेम्स, जी कुठली नदी निघेल ती ऐकून पुन्हा मागे सरायच्या. एकदा मी विचारलंच.

तेव्हा त्यांनी सांगितलं. रघू हा त्यांचा पाठचा भाऊ. लढाईच्या काळात पलटणीत भरती झाला, बोटीने गेला आणि परत आला नाही. सरकारी कागद आला तो इंग्रजीत होता. पाटलांनी चावडीपुढे वाचून दाखवला : इटली देशात अमुक एका नदीतून पलीकडे जाताना कामी आला. पाटलांनी नदीचं नाव घेतलं होतं. पण तोवर आईने हंबरडा फोडला आणि नाव कुणाच्याच कानात शिरलं नाही. त्याच संध्याकाळी आईने तो कागद उचलला, भामेवर गेली आणि पाण्यात सोडून दिला. "ह्यानंच माजा ल्योक न्हेला" म्हणाली. पुढे पाटीलही गेले. आणि मग वर्षा-दोन वर्षांनी, जरा शुद्धीवर आल्यावर, त्याच आईने विचारायला सुरुवात केली, "हौसे, त्या नदीचं नाव काय गं?"

"दर खेपंला इचारती," हौसाबाई म्हणाल्या. "माहेरी ग्येले का पाय धुवायच्या आत. आईला वाटतं, नाव कळलं का त्यो कुटं हाय ते कळलं. आता तिचं वय झालंय. तिला म्या उत्तर दिल्याबगर जाऊ द्यायची न्हाई."

आमच्या ह्यांनी पलटणीच्या कचेरीला दोनदा अर्ज लिहिला. उत्तर आलं, की सैनिकाचा नंबर कळवा. नंबर भामेतून वाहून गेला होता.

म्हणून ते पुड्यांचे कागद, म्हणून तो रेडिओ. मी तसं म्हटलं तेव्हा त्या लाजल्यासारखं हसल्या. "पयल्यांदा नदीसाटीच आले, वैनी. खोटं कशाला बोलू. पन आता नदी लागली न्हाई तरी येते. गोडी लागली."

त्याच सुमाराला रेडिओवर सांगितलं गेलं, की श्रोत्यांनीही पोस्टकार्डावर प्रश्न पाठवावेत, निवडक प्रश्न कार्यक्रमात विचारले जातील, प्रश्नाखाली त्याचं उत्तर लिहिणं आवश्यक आहे. हौसाबाई सोमवारी सकाळीच पोस्टकार्ड घेऊन आल्या. त्यांचं अक्षर मोठं होतं, एका कार्डात मावत नसे. म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं.

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. 'मागच्या लढाईत इटली देशात आपली मराठा पलटण ज्या नदीतून पार गेली, तिचे नाव काय?'

"आणि खाली उत्तर लिहायचंय," मी म्हटलं.

"उत्तर ठावं आसतं तर प्रश्न कशाला लिवला आसता?"

"अहो, पण तसा नियमच आहे. उत्तर लिहिलं नाही तर प्रश्न घेत नाहीत."

हौसाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत हसूही होतं आणि अविश्वासही. "ज्येला ठावं हाय त्यो इचारतोय, आन ज्येला ठावं न्हाई त्येनं इचारायचं न्हाई? आसं कुटं आसतंय का? तुमी नीट ऐकलं न्हाई, वैनी. पाटवा."

मी पाठवलं. उत्तराची जागा मोकळी ठेवून. पुढे आणखी पाठवली, एकूण नऊ. दर रविवारी त्या नेहमीच्या जागी बसायच्या, श्रोत्यांचे प्रश्न सुरू झाले की तळहात टेकायच्या, आणि आपला प्रश्न आला नाही की म्हणायच्या, "लई कार्डं येत आसत्याल. नंबर लागंल." मला ठाऊक होतं की नंबर लागणार नाही. ते त्यांना ठणकावून सांगायचं धैर्य मला झालं नाही. नऊ वेळा मोकळी जागा सोडून नऊ वेळा पत्ता लिहिला.

मग तो उन्हाळा आला. वैशाखातला एक रविवार, सकाळची नऊची वेळ. हौसाबाईंच्या गावाहून त्यांचा चुलतभाऊ सायकल मारत आला होता. आईने तीन दिवस अन्न घेतलं नव्हतं. हौसाबाई लुगडं बदलून, हातात पिशवी घेऊन माझ्या दारात आल्या. मी खाटेवरच्या शेवया उलटवत होते. त्याच आठवड्यात आम्ही दोघींनी माझ्या ओट्यावर बसून त्या केल्या होत्या आणि कडक ऊन लागावं म्हणून अजून रोज बाहेर काढत होतो.

"निगाले, वैनी. आई काय आता ऱ्हात न्हाई." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मग उंबऱ्यावर टेकल्या आणि एकदम म्हणाल्या, "आन आज बी ती इचारंल. मी काय सांगू तिला? आज रविवार. पाच वाजता नंबर लागला आसता तर मी हितं न्हाई."

मी हात पुसले. आत गेले. ट्रंकेत माझा शाळेतला नकाशांचा संग्रह होता, मॅट्रिकची शेवटची खूण. युरोपचं पान काढलं. इटलीच्या चित्रावर निळ्या रेघा अशा दोन-चारच होत्या. पो त्यांना ठाऊक होती, रेडिओवर येऊन गेली होती. टायबरही येऊन गेली होती. मधे एक बारीकशी रेघ होती, तिच्याशेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं. मी संग्रह मिटला आणि बाहेर आले.

"आर्नो," मी म्हटलं. "नदीचं नाव आर्नो. मी तुम्हाला सांगणारच होते. पुण्याला गेले होते ना, तेव्हा वाचनालयात विचारलं. तिथल्या गृहस्थांनी लढाईचं पुस्तक काढून बघितलं."

हौसाबाई उभ्या राहिल्या होत्या. "आर्नो," त्यांनी म्हणून बघितलं. मग विचारलं, "कवा ग्येल्ता पुन्याला?"

"गुरुवारी. दुपारी."

त्या माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांची नजर खाटेकडे गेली, परत माझ्याकडे आली. "बरं," त्या म्हणाल्या. पिशवी उचलली आणि गेल्या.

तेरावा करून त्या परत आल्या. मी भेटायला गेले तेव्हा चुलीपुढे बसल्या होत्या. आईची सगळी हकिगत सांगितली. आईला शेवटपर्यंत शुद्ध होती. पाय धुवायच्या आत तिने विचारलं, आणि हौसाबाईंनी नाव सांगितलं. आईने दोनदा म्हणवून घेतलं. मग विचारलं, "लई मोटी हाय का गं?"

"म्या म्हनलं, न्हाई, आपल्या भामेयेवढी. मंग म्हनली, म्हंजी उनाळ्यात आटत आसंल. उनाळ्याचा तरी कोरडा ऱ्हात आसंल माजा रघू." हौसाबाईंनी लाकूड आत सारलं. "दुसऱ्या दिशी सकाळी ग्येली. तोंडावर काय बी त्रास नव्हता."

मी मान खाली घालून बसले होते. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. खोटं बोलले, पण एका म्हातारीचा जीव निवांत गेला, असं मी मनाशी म्हटलं आणि त्या खोट्याची स्वतःला माफी देऊन टाकली. मॅट्रिक माणसाला माफी लवकर सुचते.

पोस्टकार्डं त्यानंतर बंद झाली. मला वाटलं, आता हौसाबाई क्लबात येणार नाहीत. पण पुढच्याच रविवारी पाचला पाच कमी असताना त्यांनी माझ्या दारावर थाप मारली. "चला की. का आज दांडी?" सतरंजीवर बसल्या, दहा मोजून ठेवले, डोळे मिटले. जगातलं सगळ्यात उंच जनावर, सगळ्यात जुनं शहर, सगळ्यात खोल समुद्र. त्या मांडीवर थापा मारत होत्या, चिंचोके मागे घेत होत्या, खुलत होत्या. फक्त नदीच्या प्रश्नाला आता पुढे सरकत नव्हत्या.

काही वर्षांनी आम्ही पुण्यात परत आलो. पत्रापत्री आमच्यात झाली नाही, कारण पत्र लिहिण्याइतकं काही घडत नसे. पण माणसांकडून निरोप येत. सदूभाऊ गेले. मुलगा पिंपरीतल्याच एका कंपनीत लागला. सून चांगली मिळाली. मग टीव्ही आला, आणि एकदा निरोप आला : "वैनीला म्हनावं, येकदा शनवारी संध्याकाळी या. प्रश्न आता दिसत्यात."

मी गेले. पिंपरीतच, संत तुकाराम नगरातलं दोन खोल्यांचं घर, कोपऱ्यात टेबलावर टीव्ही, त्यावर विणलेला रुमाल, आणि समोर जमिनीवर शेजारपाजारची दहा-बारा माणसं. हौसाबाई सगळ्यांत पुढे. केस पांढरे झाले होते, दिसायलाही कमी आलं होतं, म्हणून पडद्याला जवळजवळ नाक लावून बसल्या होत्या. मला बघताच त्यांनी शेजारची जागा हाताने झाडली आणि माझ्यासमोर दहा चिंचोके मोजून ठेवले. वीस वर्षांत काही झालंच नव्हतं अशा थाटात.

"रेडिओत बरं होतं की ह्यात?" मी विचारलं.

"ह्यात मानूस दिसतं. उत्तर येत नसलं का त्येचा चेहरा कसा हुतो बगा. आपल्या देशपांडे सायबासारका." आणि हसल्या. त्यांना त्या चुकणाऱ्या मुलांची फार माया. चुकलं की टीव्हीला म्हणायच्या, "आसू दे, बाळा. कळलं ना आता."

पाच-सहा प्रश्न झाले. मी तीन पुढे सारले, दोन मागे घेतले. हौसाबाईंचे चार पुढे होते. मग टीव्हीतल्या गृहस्थांनी विचारलं, "आर्नो ही नदी कोणत्या देशात आहे?"

मी हौसाबाईंकडे बघितलं. त्यांनी बटवा उघडला. समोर अख्खे पडले होते ते तसेच राहू दिले, बटव्यात बोटांनी चाचपून चाचपून एक दल काढलं, आणि पांढरी बाजू वर करून जमिनीवर ठेवलं.

घंटा झाली. पडद्यावरच्या मुलीने उत्तर दिलं, "इटली." गृहस्थ म्हणाले, "बरोबर."

मला राहवलं नाही. हळूच म्हटलं, "इटली तर तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. अर्धा का ठेवलात?"

त्या पडद्याकडेच बघत होत्या. "त्या नदीला म्या अर्धाच ठेवते, वैनी."

"का?"

"त्या गुरुवारी दुपारभर आपन दोगी तुमच्या वट्यावर शेवया करत हुतो."

खोलीतली माणसं टाळ्या वाजवत होती, ती टीव्हीतल्या मुलीसाठी. मला ती खाट आठवली, तिच्यावर वाळत घातलेल्या शेवया, आणि हौसाबाईंची तिकडे जाऊन परत आलेली नजर. 'बरं' म्हणाल्या तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं. ते पोटात ठेवून त्या सोळा-सतरा मैल चालत, एस.टी.ने, कशाकशाने गेल्या होत्या आणि आईपुढे बसल्या होत्या. माझे डोळे भरून आले. लाजेने की कशाने, मला अजून सांगता येत नाही.

"मग आईला..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

हौसाबाईंनी तो अर्धा चिंचोका बोटाने जरासा सरळ केला.

"आईम्होरं मातुर अख्खा ठेवला," त्या म्हणाल्या. "माज्या जल्मातला खोटा तेवढा येकच."

मी आणखी काही बोलणार होते. पण पुढचा प्रश्न सुरू झाला होता, आणि त्यांनी डोळे मिटून, मान तिरपी करून, मला हातानेच गप्प केलं.